रविवारी चर्च, सोमवारी गोळ्या

फिलिपिन्समधल्या आमच्या गल्लीत कुणाला दिवस गेलेत, हे त्या बाईच्या नवऱ्याच्या आधी आतेला कळतं. कसं, म्हणून विचारलं तर तिला त्यात विशेष काही वाटत नाही. कोपऱ्यावरच्या सारी-सारी दुकानाच्या बाकड्यावर ती रोज संध्याकाळी टेकते. सारी-सारी म्हणजे घराच्याच खिडकीला जाळी लावून थाटलेलं किराणा दुकान. एक सिगरेट, शाम्पूची एक पुडी, वाटीभर तेल, सगळं सुटं मिळतं. रोज सुकी मासळी नेणारी बाई एकाएकी नाक दाबून लांबून जायला लागली आणि हिरव्या कैऱ्या मागायला लागली, की आते पिशवीतून वही काढते. कैरीचे डोहाळे इथंही तसेच. फक्त तिखट-मिठाऐवजी कैरीला कोळंबीचं आंबवलेलं खारट वाटण लावतात. त्याचा वास मला अजून सोसत नाही.

'आते' म्हणजे इथल्या तागालोग भाषेत थोरली बहीण. तिच्याहून वयानं मोठी माणसंही तिला आतेच म्हणतात. मीही म्हणते. ती मात्र मला इतक्या वर्षांनंतरही 'मॅम' म्हणते. खूपदा सांगून पाहिलं, आता नाद सोडलाय.

आम्ही राहतो ते लॉस बान्योस हे गाव मनिलाच्या दक्षिणेला साठेक किलोमीटरवर, लगुना प्रांतात, माकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी आहे. गरम पाण्याचे झरे, विद्यापीठ, कोवळ्या नारळाचा 'पाय' नावाचा गोड पदार्थ आणि १९६० साली सुरू झालेली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था, एवढी त्याची ओळख. नवऱ्याची नोकरी या संस्थेतली, म्हणून आम्ही इथं. सुरुवातीला मला वाटायचं की आपण 'इंडियन लोकांच्या' घोळक्यात राहू, शनिवारी पोहे, रविवारी पत्ते. तसं ते होतंही. पण गल्लीत तुम्ही कुणाच्या तरी यादीत असावंच लागतं, आणि मला यादीत घेतलं आतेनं. एका दुपारी रक्तदाबाचं यंत्र घेऊन ती दारात उभी राहिली, दंडाला पट्टा बांधला, आकडा लिहिला आणि जीभ चावून म्हणाली, "मॅम, लोणचं बंद."

ती 'बारांगाय हेल्थ वर्कर' आहे. बारांगाय हा इथल्या कारभाराचा सगळ्यात खालचा घटक, आपला वॉर्ड आणि ग्रामपंचायत यांच्या मधलं काहीतरी. देशात असे ४२ हजार बारांगाय आहेत. प्रत्येकात या बायका असतात, पुरुष नावाला. बाळांची वजनं, लसींच्या तारखा, गरोदर बायकांच्या तपासण्या, क्षयाच्या गोळ्या गिळल्या की नाही हे बघणं, डेंग्यूच्या दिवसांत टायरमधलं पाणी ओतून टाकायला लावणं, सगळं यांच्याकडं. आपल्या आशाताईच. १९९५ सालच्या एका कायद्यानं त्यांना मान्यता मिळाली. त्या कायद्यात पगार नाही, मानधन आहे, आणि ते नगरपालिकेच्या तिजोरीप्रमाणे कमी-जास्त. शिवाय बारांगायची निवडणूक होऊन नवा कॅप्टन, म्हणजे बारांगायचा प्रमुख, आला, की जुन्या बायकांना नारळ देऊन आपली माणसं बसवण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. आतेनं असे तीन कॅप्टन पचवलेत. कसे, तर वही तिच्या ताब्यात आहे म्हणून.

तिच्या प्रेमाची गोष्ट तिच्याच तोंडून ऐकावी. सांगताना ती एकीकडं लसूण सोलत असते आणि मध्येच थांबून हसते. गावच्या फिएस्टात, म्हणजे ग्रामदेवतेच्या जत्रेसारख्या संतांच्या सणात, तिला एक मुलगा भेटला. बोटीवर जायच्या तयारीत होता. रीतीप्रमाणे त्याचे आईवडील जेवणाची भांडी घेऊन हिच्या घरी मागणी घालायला आले. इथं मुलाकडच्यांनी मुलीच्या दारी जायचं, आणि लग्नाचा खर्चही परंपरेनं मुलाकडचाच. मी तिला आपल्याकडचा हुंडा समजावून सांगायला गेले होते. "म्हणजे मुलगीही द्यायची आणि पैसेही?" तिनं विचारलं. मी विषय बदलला.

लग्नानंतर तो जो बोटीवर चढला तो आजतागायत. जगभरच्या मालवाहू जहाजांवर फिलिपिनो खलाशी सापडणार नाही असं होतच नाही. त्याच्याबरोबर रत्नागिरीकडची माणसं होती. मला पहिल्यांदा भेटल्यावर त्यानं "काय रे, जेवलास काय?" असं थेट कोकणी हेल काढून विचारलं होतं, तेही पुल्लिंगात. नऊ-दहा महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने घरी. इथल्या नियमानं खलाशाच्या मूळ पगाराचा ८० टक्के भाग दर महिन्याला घरच्यांच्या खात्यात जावाच लागतो. त्याला 'अलॉटमेंट' म्हणतात. आते म्हणते, "लोकांना गुलाब येतात, मला अलॉटमेंट येते. गुलाबांनी कधी शाळेची फी भरली आहे?" हे म्हणताना ती चिडलेली नसते. तिच्या हिशेबात प्रेम तारखेला पोचतं की नाही एवढंच बघायचं असतं. या देशात मुस्लिमांखेरीज इतरांसाठी घटस्फोटाचा कायदा नाही. गल्लीत दोन-तीन बायका अशा आहेत, की नवरा गेला आणि कागदावर राहिला. त्यांच्याशी तुलना केली तर आपलं बरं चाललंय, असं ती मोकळेपणानं म्हणते. मला हा हिशेब आधी कोरडा वाटायचा. पण माझ्या आजोळी मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर उभी राहिलेली घरं मी पाहिलेली आहेत. त्या घरातल्या बायकाही याच भाषेत बोलायच्या.

आतेची थोरली मुलगी झाली तेव्हा सासूबाईंचा आग्रह घरच्या बाळंतपणाचा. सासूबाई स्वतः 'हिलोत' होत्या, म्हणजे सुईण आणि अंग चोळून देणारी, दोन्ही. पण सरकारनं २००८ पासून घरची बाळंतपणं बंद करायचं धोरण घेतलं होतं, त्याच्या जरा आधीच आतेनं ठरवलं होतं, की आपण दवाखान्यात जायचं. रात्री कळा सुरू झाल्या. नवरा बोटीवर. शेजारचा ट्रायसिकलवाला, म्हणजे मोटारसायकलला बाजूला डबा जोडलेली रिक्षा चालवणारा, झोपेतून उठून तिला घेऊन गेला. सासूबाई मागच्या ट्रायसिकलमध्ये बसून रागारागानं आल्या, आणि तिसऱ्या दिवसापासून त्यांनी सुनेला कोंबडीचं पातळ कालवण पाजायला सुरुवात केली, आलं घालून, कच्च्या पपईच्या फोडी आणि वरून शेवग्याचा ओंजळभर पाला. दूध वाढतं म्हणतात. इथं अंगणाअंगणात शेवगा आहे, पण शेंगांकडं फारसं कुणी बघत नाही, पाला तेवढा ओरबाडतात. आमच्या घरी आमटीत शेंगा बघून आतेला वाटलं होतं, की आम्ही काड्या खातो.

बाळाला नजर लागते हेही इथं आहे. अनोळखी माणसानं बाळाचं कौतुक केलं आणि बाळ किरकिरायला लागलं, की त्या माणसाला बोलावून आणतात आणि त्याची थुंकी बोटानं बाळाच्या पोटाला लावायला लावतात. आरोग्यसेविका म्हणून आतेचं याबद्दल काय मत, असं मी एकदा खोचकपणे विचारलं. ती म्हणाली, "मी आधी थर्मामीटर लावते. ताप असेल तर केंद्रात पाठवते. नसेल तर थुंकी लावू देते. आजीला बरं वाटतं, आणि आजीला बरं वाटलं की ती लस देऊ देते."

मी सार्वजनिक आरोग्यावरची बरीच भाषणं ऐकली आहेत. भात संस्थेच्या सभागृहात ती होत असतात. या चार वाक्यांइतकं कामाचं त्यात मला क्वचित मिळालं.

कुटुंबनियोजनातही तिचा हाच खाक्या. रविवारी ती चर्चमध्ये पहिल्या बाकावर. सोमवारी त्याच चर्चमधून परतणाऱ्या बायकांच्या घरी गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं. इथं प्रजनन आरोग्याचा कायदा २०१२ साली झाला. चर्चनं त्याला जिवाच्या आकांतानं विरोध केला, आणि सर्वोच्च न्यायालयानं काही कलमं वगळून तो २०१४ साली मान्य केला, तोवर अंमलबजावणी अडलेली. पाद्री प्रवचनात गोळ्यांना नावं ठेवत असताना आते मान खाली घालून जपमाळ ओढत असायची. मी विचारलं, तुला यात विसंगती वाटत नाही? "देव बायकांचं ऐकतो," ती म्हणाली, "मधल्या पुरुषांचं मला माहीत नाही."

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती सांगते.

एप्रिल २०१६ मध्ये सरकारनं शाळांमधून डेंग्यूची लस द्यायला सुरुवात केली. मनिला आणि भोवतालचे दोन विभाग निवडले होते, त्यातल्या एका विभागात आमचा लगुना. सरकारी शाळेतली नऊ वर्षांची आणि पुढची मुलं, सहा-सहा महिन्यांनी एक असे तीन डोस. पावसाळ्यात डेंग्यूनं पोरं दगावतात हे इथं घराघरात माहीत, त्यामुळं उत्साह होता. आते दारोदार फिरून आईबापांच्या सह्या गोळा करत होती. तिची थोरली तेव्हा बरोबर नऊ वर्षांची, चौथीत. पहिली सही आतेनं स्वतःची केली.

२०१७ च्या नोव्हेंबरअखेर लस बनवणाऱ्या कंपनीनंच जाहीर केलं, की ज्यांना आधी कधीच डेंग्यू झालेला नाही, त्यांना लस घेतल्यानंतर पुढं डेंग्यू झाला तर तो अधिक तीव्र होण्याचा धोका आहे. लशीआधी कुणाचं रक्त तपासलेलं नव्हतं. आठ लाखांहून जास्त मुलांना लस टोचून झालेली होती. डिसेंबरात कार्यक्रम बंद झाला. मग जे सुरू झालं ते टीव्हीवर. संसदेच्या चौकश्या, कोर्ट, मेलेल्या मुलांची शवविच्छेदनं, त्यांच्या आयांचा आक्रोश, रोज रात्री जेवणाच्या वेळेला.

आतेची वही त्या महिन्यांत कोरी राहिली. ज्या दारांत तिला बसायला खुर्ची मिळायची तिथं जाळीच्या आतून "घरात कुणी नाही" असा आवाज येऊ लागला. एका बाईनं तर तिच्या तोंडावर विचारलं, की किती पैसे मिळाले तुला? मानधनाची रक्कम सांगितली असती तर ती बाई हसली असती. पण आते काहीच बोलली नाही. आणि घरी थोरली होतीच, तिन्ही डोस घेतलेली. तिला लहानपणी डेंग्यू होऊन गेला होता की नाही, कोण सांगणार? २०१८ च्या पावसाळ्यात पोरीला ताप चढला तेव्हा आतेला मी पहिल्यांदा घाबरलेली पाहिलं. दर सकाळी रक्त तपासायचं, प्लेटलेटचा आकडा घ्यायचा. एकीकडं सासूबाई तावा-तावा नावाच्या तणाचा काढा उकळतायत. दुसरीकडं मी, पुण्यातून आईनं फोनवर सांगितलेला पपईच्या पानांचा रस घेऊन हजर. आतेनं दोन्ही वाट्या बाजूला सारल्या आणि पोरीला चमच्या-चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजत बसली. ताप साधाच निघाला.

देशभरात मात्र तेच झालं होतं जे आमच्या गल्लीत. 'लस महत्त्वाची आहे' हे ठामपणे मानणारे लोक २०१५ साली ९३ टक्के होते, ते २०१८ मध्ये ३२ टक्क्यांवर आले, असं एका पाहणीत दिसलं. डेंग्यूच्या लशीवरचा राग गोवराच्या लशीवर निघाला, जिचा यात काडीचा संबंध नव्हता. फेब्रुवारी २०१९ मध्ये गोवराची साथ जाहीर झाली. आणि सप्टेंबरात पोलिओ परत आला, जवळजवळ दोन दशकं हद्दपार झालेला पोलिओ. ती साथ संपल्याचं जाहीर व्हायला जून २०२१ उजाडलं.

गोवराच्या त्या फेरीत आतेनं थोरलीला बरोबर घ्यायला सुरुवात केली. बारा वर्षांची पोर, शाळेच्या गणवेशात, हातात लशीच्या डब्याचा पट्टा. दार किलकिलं झालं की आते काही पटवून देत बसायची नाही. नुसतं म्हणायची, "ही माझी मुलगी. हिला तिन्ही डोस दिलेत. बघा." आणि पोर उभी राहायची. वडीलधारं कुणी असलं की इथल्या रीतीनं त्यांचा हात आपल्या कपाळाला लावायची. लोक तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघायचे. मग हळूहळू कुणीतरी बाळाला बाहेर आणायचं.

मी हे पाहिलंय, आणि मला ते तेव्हाही पूर्ण रुचलं नव्हतं. आज पोर ठणठणीत आहे म्हणून सगळं गोड वाटतं. पण त्या दिवसांत ती कधी आजारी पडेल हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि आई तिला पुराव्यासारखी दारोदार फिरवत होती. मी असं केलं नसतं. पण मग बाळांना लस मिळालीही नसती, हेही तितकंच खरं. आतेच्या मनात दोन वेगळे कप्पे नाहीतच, एक आपल्या पोरीचा आणि एक बारांगायचा. तिच्या वहीत थोरलीचं नाव इतर मुलांच्याच रांगेत आहे, आडनावाप्रमाणे, मध्येच कुठंतरी. मी थोरलीला नंतर विचारलं होतं, तुला काय वाटायचं तेव्हा? ती तेव्हा सोळा-सतराची, मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "मी मम्माची जाहिरात होते. फुकटातली."

यातला 'फुकट' मला जास्त बोचला. मॅगसेसे हे नाव आपल्याकडं या देशाच्या राष्ट्राध्यक्षामुळं नाही, तर त्याच्या नावाच्या पुरस्कारामुळं माहीत असतं. जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांना तो १९७९ साली मिळाला, पुण्याच्या डॉ. बानू कोयाजींना १९९३ साली. आरोळ्यांनी गावच्याच, अनेकदा निरक्षर बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं. इथल्या डॉ. फे देल मुंडो यांनाही तो १९७७ साली मिळाला. खेड्यात वीज नाही म्हणून या बाईंनी एकात एक बसणाऱ्या बांबूच्या टोपल्या आणि त्यांच्या मधल्या जागेत गरम पाण्याच्या बाटल्या, असा बाळं उबवायचा पाळणा बनवला होता. मी आतेला जामखेडची गोष्ट मोठ्या उमाळ्यानं सांगितली. तिनं नीट ऐकून घेतली आणि विचारलं, "त्या बायकांना पगार किती?"

मला उत्तर सुचेना. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा मोठा गौरव केला, तेही मी तिला सांगणार होते. सांगितलं नाही. गौरवाच्या बातम्या आणि मानधनवाढीसाठी मुंबईत आझाद मैदानावर बसलेल्या आशांच्या बातम्या माझ्या फोनवर गेली काही वर्षं आलटून पालटून येत असतात. ज्या कामाला आपण माया म्हणतो त्या कामाचे पैसे द्यायला कुणाचाही हात धजत नाही, तिकडंही आणि इकडंही.

थोरली २०२५ मध्ये अठराची झाली. मुलीचा अठरावा वाढदिवस म्हणजे इथं जवळजवळ लग्न. 'देब्यू' म्हणतात. अठरा पुरुष एकेक गुलाब देऊन तिच्याबरोबर थोडा वेळ नाचतात, अठरा बायका एकेक मेणबत्ती लावून तिला चार शब्द सांगतात. सभागृह परवडणारं नव्हतं, म्हणून बारांगायचं छप्पर असलेलं बास्केटबॉलचं मैदान घेतलं. दर वर्षीच्या सुरुवातीला याच मैदानात बाळांची वजनं होतात. बास्केटच्या लोखंडी खांबाला तराजू अडकवायचा, बाळाला कापडी चड्डीत घालून लोंबकळत सोडायचं, ते जिवाच्या आकांतानं रडतं, आई पुढं हात करते, आणि आते ओरडते, "हात काढ! हातासकट किलो नको मला!" तिथं आता गुलाबी फुगे होते, शेवयांसारखा पान्सित होता, आयुष्य लांब व्हावं म्हणून, आणि साखर घातलेली, हॉटडॉगचे तुकडे टाकलेली स्पॅगेटी होती. तिच्याविषयी मी काही बोलणार नाही.

थोरलीचे बाबा या वेळी घरी होते. कार्यक्रमाचा सगळा खर्च त्यांच्या अलॉटमेंटचा. माझ्या शेजारी बसले होते आणि एकेक गुलाब पुढं जाईल तसं मला हळूच विचारत होते, हा कोण? मी सांगत होते. हा हिचा मास्तर. हा केंद्रातला डॉक्टर. हा ट्रायसिकलवाला, त्या रात्रीचा. त्याला ते ओळखत होते, पण तो इतका म्हातारा झालाय हे त्यांना माहीत नव्हतं. शेवटचा गुलाब वडिलांचा. ते उठले, पाय थोडे चुकले, पोरीनं सांभाळून घेतलं.

मेणबत्त्यांमध्ये एक माझी होती. मला औक्षणाचं तबक आठवत होतं, पण मोडक्यातोडक्या तागालोगमध्ये मी जे बोलले त्याला बायका खो-खो हसल्या, का ते अजून कळलेलं नाही. माझ्यानंतरची मेणबत्ती लावायला आली ती तीच बाई, किती पैसे मिळाले विचारणारी. ती काय बोलली ते मला समजलं नाही, फार भरभर बोलत होती. आतेनं पुढं होऊन तिच्या मुलाला जवळ ओढलं, त्याच्या दंडाभोवती अंगठा-तर्जनी फिरवली आणि तिला म्हणाली, "वजन घटलंय याचं. सोमवारी आण."

थोरली आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. पुढं जर्मनी म्हणते. तिकडं या देशातल्या नर्सना मागणी आहे. आतेला अभिमान आहे, आणि रागही आहे. "इथं केंद्रात नर्स पुरत नाहीत," ती म्हणते, "आणि माझी पोर तिकडं कुणाच्या तरी आजीचा बीपी मोजणार." मग लगेच, "पण पगार चांगला आहे." परवा सुट्टीत तिनं पोरीला रक्तदाबाच्या फेरीवर चल म्हटलं. पोरीनं विचारलं, किती देणार? आते पाच मिनिटं तिला नाही नाही ते बोलली. मग पाकीट उघडून पन्नास पेसो काढले, तिच्या हातावर ठेवले, आणि वहीच्या शेवटच्या पानावर बारांगायच्या खर्चात लिहिले.

"कॅप्टन देणार नाही," मी म्हटलं.

"माहितीय," ती म्हणाली. "पण लिहिलेलं तर राहील ना, मॅम."